मोळी आणि मोटार

मराठी प्रवासलेखनात शेकोटी नेहमी पेटलेली असते. तिच्यातले लाकूड कोठून आले हे मात्र लेखक क्वचितच सांगतो. तंबू ठोकला, अंधार पडला, ज्वाळा उसळल्या, कुणी एक गाणे म्हटले, की लेखणी थेट आदिमानवाच्या गुहेकडे वळते. आम्हीही असे लिहिले आहे, आणि ते छापूनही आले आहे. तेव्हा ही तक्रार प्रथम आमच्याविरुद्धच आहे असे समजावे.

मोळी हा शब्द पाहा. ते केवळ लाकडांच्या जुडग्याचे नाव नाही. ते एक माप आहे. डोक्यावर पेलेल आणि घर येईपर्यंत मान तग धरेल, एवढे लाकूड म्हणजे मोळी. त्यामुळे सरपण जेथे वाढले त्याच्या दोन-चार कोसांतच जळून जाई. यात शहाणपण नव्हते, लाचारी होती. जिची मान अवघडली तिला विचारल्यावाचून त्या काळाचे गोडवे गाणे बरे नव्हे. पण त्या अवघडलेल्या मानेमुळे एका रानाचा रोग दुसऱ्या रानात सहसा जात नसे. ही मर्यादा मोटारीने संपवली. शुक्रवारी संध्याकाळी डिकीत भरलेली लाकडे मध्यरात्री पाचशे किलोमीटरांवरच्या अरण्यात उतरतात, आणि त्यांच्यासमोर हात शेकत बसलेल्याला आपण आदिम झालो असे वाटते. आदिमानवाजवळ डिकी नव्हती.

आमचा अनुभव अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचा आहे. २००२ साली डेट्रॉइटच्या परिसरात वाळणाऱ्या अ‍ॅश वृक्षांच्या सालीखाली पाचूसारखा हिरवा, जेमतेम अर्ध्या इंचाचा एक भुंगेरा ओळखला गेला. तो मूळचा ईशान्य आशियातला. मालाच्या पेट्यांच्या लाकडातून काही वर्षे आधीच आला असावा. त्याच्या अळ्या सालीखालचा जिवंत थर खातात, आणि तीन-चार वर्षांत उभे झाड वाळते. स्वतःच्या पंखांवर हा किडा फार लांब जात नाही. पण तोडलेल्या ओंडक्यातूनही तो एखाद-दोन उन्हाळे बाहेर पडत राहतो, म्हणजे त्याला वाहन आपण पुरवतो. मिशिगनच्या दोन द्वीपकल्पांमध्ये मॅकिनॉची सामुद्रधुनी आहे आणि तिच्यावर १९५७ साली खुला झालेला, सुमारे आठ किलोमीटरांचा पूल. वरच्या द्वीपकल्पात हा किडा २००५ साली सापडला तो ब्रिमली येथील सरकारी उद्यानात, म्हणजे जेथे लोक मोटारी घेऊन तंबू ठोकायला येतात तेथेच. आता तो पस्तीसहून अधिक राज्यांत आहे. २०२२ साली तो ऑरेगनमध्ये आढळला, तेव्हा त्याचे सर्वांत जवळचे ज्ञात ठाणे हजार किलोमीटरांहून दूर होते.

आमच्या परसातही एक अ‍ॅश होता. २००४ च्या उन्हाळ्यात त्याचा शेंडा विरळ दिसू लागला म्हणून काही फांद्या उतरवल्या, वर्षभर वाळवल्या आणि पुढच्या दोन सहलींना उत्तरेकडे नेल्या. त्या भागातून अ‍ॅशचे लाकूड बाहेर नेण्यास बंदी आहे हे आम्ही वर्तमानपत्रात वाचले होते. ती बंदी लाकडाच्या व्यापाऱ्यांसाठी असणार, अशी आम्ही आमची समजूत घालून घेतली. शेकोटी सुरेख पेटली. अ‍ॅश जळतोच सुरेख. २००६ साली झाड पूर्ण वाळले. ते तोडल्यावर साल ओढली, तर खाली मोडी लिपीतल्या जुन्या पत्रासारख्या वळणावळणाच्या रेघा, कोठेही लेखणी न उचलता कोरलेल्या. आम्ही नेलेल्या फांद्यांवर त्या होत्या का, हे आता कळण्याचा मार्ग नाही. ब्रिमलीला आम्ही गेलो नव्हतो, एवढाच काय तो दिलासा.

यावर नेहमीचा युक्तिवाद असा, की किडा सगळीकडे पोचलाच आहे. खुद्द केंद्र सरकारने जानेवारी २०२१ मध्ये त्याच्यासाठीची देशांतर्गत बंदी उठवली. हे खरे आहे. पण बंदी उठली ती किडा हरला म्हणून नव्हे, बंदी हरली म्हणून. अनेक राज्यांचे स्वतःचे नियम आजही आहेत. न्यूयॉर्क राज्यात भट्टीत न तापवलेले सरपण पन्नास मैलांपलीकडे नेता येत नाही. शिवाय सालीखाली प्रवास करणारा हा एकच प्रवासी नव्हे; ओक वृक्षांना मारणारी बुरशी आहे, आशियातला लांब मिशांचा भुंगेरा आहे. दुसरा युक्तिवाद पैशांचा: उद्यानाच्या दारात मिळणारी जुडी महाग आणि बरेचदा ओलसर असते. हेही खरे. त्यावर आमचे उत्तर एवढेच, की मग लहान शेकोटी करावी. डिकी भरली म्हणून पेटवायचे, हा हिशेब थंडीचा नव्हे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना अ‍ॅश परका नसावा. नॉर्स पुराणातला, नऊ जगांना आधार देणारा इग्द्रसिल अ‍ॅशच मानला जातो. (इंग्रजीत या झाडाचा आणि राखेचा उच्चार एकच, मुळे निराळी असली तरी हा योगायोग आताशा आम्हाला खुपतो.) पण पुराणाहून जवळचे नुकसान अनिशिनाबे आणि वाबानाकी समाजांचे आहे. काळ्या अ‍ॅशचा ओंडका ठोकून ठोकून त्याची वर्षवलये सुटी करायची आणि त्या पट्ट्यांच्या टोपल्या विणायच्या, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या. आता झाड शोधणे हेच तिच्यातले सर्वांत अवघड काम होऊन बसले आहे. प्रवासलेखकाने आपल्या शेकोटीच्या वर्णनात या टोपलीलाही जागा द्यावी, असे आमचे मत आहे.

मागच्या शरदात पुन्हा उत्तरेकडे गेलो. लाकूड दारातच घेतले. धुराने डोळे चुरचुरले, चहा उकळायला अर्धा तास लागला. शेजारच्या तंबूतले गृहस्थ कीव येऊन आपल्याकडचे चार वाळके, खडखडीत ओंडके घेऊन आले. कोठले म्हणून विचारले, तर म्हणाले, घरचेच, ओहायोहून आणले आहेत. आम्ही ते घेतले आणि सालींसकट त्याच रात्री जाळून टाकले. मग त्यांच्या गाडीत आणखी किती उरले आहेत, ते पाहायला त्यांच्याबरोबर गेलो.