खाडीलाही विसावा हवा

पावसाळ्यात नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवण्याची कोकणातील रीत म्हणजे समुद्राला दिलेला विसावाच होय. खाडीतील तिसऱ्यांना मात्र असा विसावा क्वचितच लाभतो.

त्याचा परिणाम काय होतो, हे केरळातील अष्टमुडी सरोवराने दाखवून दिले आहे. परदेशी मागणीमुळे तेथील तिसऱ्यांचे उत्पादन १९९१ साली १०,००० टनांपर्यंत गेले आणि दोनच वर्षांत निम्म्यावर आले. तेव्हा डिसेंबर ते फेब्रुवारी या विणीच्या काळात वेचणी बंद करण्यात आली. पिल्ले निसटावीत म्हणून जाळ्यांच्या छिद्रांचे मापही ठरले. तिसऱ्या सावरल्या. २०१४ साली या मासेमारीला शाश्वततेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. भारतातील ते पहिलेच. पुढे प्रदूषणासारख्या कारणांनी त्या पुन्हा घटल्या, म्हणून २०२४ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने सरोवरात ३० लाख बीज सोडले.

बीज सोडणे हे औषध आहे. विसावा हे पथ्य आहे. पथ्यावाचून औषध लागू पडत नाही. परंतु ओहोटीच्या वेळी चिखलात वाकून तिसऱ्या वेचणाऱ्या स्त्रीची चूल बंदीच्या दिवसांत कशी पेटणार, याचाही विचार हवा. नियम तिला विचारून करावेत आणि त्या काळात तिला दुसरे काम मिळावे. तरच ती खाडीची राखणदार होईल.