खेड्यातल्या पोरांना खेडं कशाला?

"मोर्शीच्या पोरांना खेडं दाखवायला कोल्हापूरला नेता? अहो, खेड्यातच तर राहतात ती!"

पालकसभेत एका गृहस्थांनी हे वाक्य टाकलं आणि टाळ्या घेतल्या. पुढे तेच त्यांनी एका साप्ताहिकात ऐसपैस लिहून काढलं, त्यामुळे मुद्दे तरी नीट दिसले. सहलीत पन्हाळा, जोतिबा आणि कणेरी मठाचं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय होतं. पन्हाळा चालेल, जोतिबाही चालेल, कणेरी मात्र नको. का? तर पोरं मुळात खेड्यातलीच. वर पैसे फुकट जाणार. सिमेंटचे पुतळे काय डोंबल शिकवणार! आणि बारा बलुतेदार म्हणजे शेवटी जातिव्यवस्था, तिचे गोडवे कशाला? एवढं झाल्यावर गृहस्थांनी पर्याय सुचवला: वॉटर पार्क.

वॉटर पार्कचं आधी उरकून टाकतो. मोर्शी-वरूडच्या पट्ट्यात संत्र्याच्या बागा जगवायला बोअर आठशे-हजार फुटांपर्यंत खाली गेले, आणि तेही आटले तेव्हा लोकांनी टँकर लावून झाडं वाचवली. त्या घरातल्या पोराला तिकीट काढून पाण्यात डुंबायला पाठवायचं, यातली कल्पकता मला मान्य आहे. पुढे जाऊ.

खेड्यात राहतो म्हणून खेडं कळतं, हा या गृहस्थांचा मुख्य आधार. त्यांनी अलीकडे खेडं कुठून पाहिलं असावं? गाडीच्या काचेतून असावं. आमच्या भागातलं आजचं पोरगं काय पाहतं? ट्रॅक्टर, ठिबकच्या नळ्या, पाठीवरचा फवारणीचा पंप, क्रेट भरून उभा असलेला छोटा हत्ती, आणि बापाच्या मोबाईलवर मंडीचे भाव. हेही खेडंच आहे, मी नाक मुरडत नाही. पण गृहस्थ ज्याला 'खेडं' म्हणतात ते गाव याच्या जन्माआधीच उठून गेलं. कसं गेलं, तेही डोळ्यांदेखत घडलेलं आहे. सोयाबीन आलं तशी ज्वारी मागे हटली. ज्वारी हटली तसा कडबा गेला. कडबा नाही तर बैल पोसायचे कशावर, म्हणून बैल विकले. बैल गेल्यावर बंडी गोठ्याच्या मागे सडली, आणि बंडीची चाकं भरणारा सुतार अमरावतीला फर्निचरच्या दुकानात कामाला लागला. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, आणि घरची सरकी राखून शेणमातीत घोळून पेरायची रीत पाकिटाने संपवली. आता पोळा भरतो, झडत्याही होतात, पण तोरणाखाली बैलांपेक्षा माणसांचीच गर्दी जास्त. अन् हे म्हणतात, पोराला सगळं ठाऊक आहे!

अशाच एका संग्रहालयात मोटेच्या देखाव्यापुढे आमच्याकडचा सातवीतला एक पोरगा थबकलेला मी पाहिला आहे. बाप बागाईतदार, घरी विहीर, बोअर, मोटर, सगळं. त्याने विचारलं, "सर, मोट वर तर आली, पण हे पलटी कोण मारते जी?" सर गप्प. सरांचं वय पस्तिशीच्या आत, त्यांना तरी कोण सांगणार? शेवटी सोबतच्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने सांगितलं. मोटेला दोन दोर असतात. जाड नाडा चामड्याच्या मोटेचं तोंड धरतो, तो वरच्या चाकावरून येतो. खाली मोटेला सोंड असते, तिचं टोक बारीक सोंदुराने वर ओढून धरलेलं असतं, म्हणून पाणी सांडत नाही. हा सोंदूर खालच्या रुळावरून येतो. बैल धावेवरून उताराला निघाले की दोन्ही दोर एकदमच खेचले जातात. मोट काठावर पोचली की नाडा तिला आणखी वर नेतो, सोंदूर मात्र सोंडेला थारोळ्याकडे ओढतो. सोंड आडवी होते आणि पाणी आपोआप भळाभळा थारोळ्यात. पलटी कुणीच मारत नाही. मग बैल उलट्या पावली मागे आणायचे, हे सगळ्यात अवघड काम, कारण बैलाला मागे चालणं आवडत नाही. पोरगा बराच वेळ दोन बोटांना दोरी बांधून ते करून पाहत होता. विज्ञानाच्या पुस्तकातली कप्पी त्याने पाठ केली होती, पण तिचा उपयोग त्याला त्या दिवशी कळला. आता सांगा, या पोराच्या विहिरीवर मोट आहे का? त्याच्या आजाच्या विहिरीवर होती. गृहस्थांच्या हिशेबात आजा आणि नातू एकच.

हा युक्तिवाद मला नवा नाही, म्हणून जास्त चीड येते. मागे मराठीच्या तासांवरून असाच वाद झाला होता. तेव्हाही एक विद्वान म्हणाले होते, पोरं घरी मराठीच बोलतात, मग शाळेत तिचे इतके तास कशाला? खेळाच्या तासावरून वाद झाला तेव्हा दुसरे म्हणाले, शेतकऱ्याची पोरं घरी कष्ट करतातच, त्यांना कवायत कशाला? म्हणजे जे घरात आहे ते शिकवायचं नाही, आणि जे घरात नाही ते 'आपल्या पोरांना झेपायचं नाही'. मग शाळेने नक्की करायचं काय, हजेरी घ्यायची? खेडूत पोराने फक्त शहरच पाहावं आणि शहरी पोराने हुरडा पार्टीला येऊन खेडं पाहावं, अशी ही वाटणी आहे. शहरी पोराने बैलगाडीत बसणं म्हणजे संस्कार, अन् आमच्याने ती पाहणं म्हणजे मागासलेपणा!

जगात खेडं मांडणारी अशी संग्रहालयं कुठून रुजली, तेही या निमित्ताने पाहावं. स्टॉकहोमला १८९१ मध्ये आर्थर हाझेलियस या माणसाने स्कानसेन उभं केलं. स्वीडनभरातून जुनी शेतघरं मोडून आणून एका टेकडीवर पुन्हा जशीच्या तशी बांधली, त्यात माणसं आणि जनावरं ठेवली. तेव्हा स्वीडन काही शहरी देश नव्हता, बहुसंख्य लोक खेड्यांतच राहत होते. पण कारखाने आले होते, माणसं बोटीत बसून अमेरिकेला चालली होती, आणि गाव डोळ्यांदेखत बदलतंय हे हाझेलियसला दिसत होतं. गाव पुरतं गेल्यावर संग्रहालय काढलं असतं तर त्यात ठेवायला काय उरलं असतं?

पैशाचं म्हणाल तर शालेय सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते, आणि कणेरीचं तिकीट वॉटर पार्कपेक्षा महाग असल्याचं मी तरी ऐकलं नाही.

राहिली जात. चारही मुद्द्यांत वजनदार एवढा एकच, आणि गृहस्थांनी तो सगळ्यात स्वस्तात वापरला. देखाव्यातला कुंभार, लोहार, चांभार हसतमुख असतो, हे खरं. वेशीबाहेर उभं राहून शिळी भाकर मागणारा, मेलेलं जनावर ओढणारा माणूस मात्र असा हसतमुख घडवता येत नाही. त्र्यंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' १९१५ मध्ये आलं, बलुत्याच्या कटकटी त्यात पानोपानी आहेत. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं, आणि वतनं मोडणारा कायदा यायला १९५८ उजाडलं. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बोलताना त्यांनी खेड्याच्या कौतुकाची सालटी काढली होती. हे सगळं पोरांना कुठे सांगायचं? वर्गात फळ्यावर 'बारा बलुतेदार' यादी लिहून पाठ करून घेतात, तेव्हा या गृहस्थांना जात आठवत नाही. पुतळ्यापुढे उभं करून "याला वर्षाकाठी काय मिळायचं? याची पोरगी शाळेत जायची का?" असं विचारलं तर यादीतल्या शब्दाला माणूस चिकटतो. जात लपवणारं संग्रहालय वाईट, हे मान्य. पण म्हणून ज्याला जात दाखवायची आहे त्या मास्तरानेही तिथे जाऊ नये?

सिमेंटच्या पुतळ्यांबद्दलचा आक्षेप निम्मा मीही घेतो. थिजलेली मोट पाणी ओतत नाही. चालती गोष्ट बघायची तर वर्ध्याला मगन संग्रहालय आहे, ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते उघडलेलं, तिथे खादीचं काम अजून चालतं. पोराला टकळी हातात द्या, धागा दहादा तुटू द्या. भोपाळच्या मानव संग्रहालयातली घरं तर आदिवासी समाजांतल्या माणसांनी स्वतः येऊन बांधली आहेत, आणि बैतुलवरून भोपाळ आपल्याला कोल्हापूरपेक्षा कितीतरी जवळ. याच्या जोडीला घरचंही घ्यावं. सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरणाच्या भिंतीवर पोरांना नेतात, तिथे फोटो काढतात आणि परत आणतात. त्या पाण्याखाली गावं गेली आहेत, तिथून उठलेली माणसं अजून मोबदल्यासाठी भांडताहेत. त्यांतल्या एकाला शाळेत बोलवा, फळ्यावर गल्ली काढायला लावा: चावडी कुठे होती, कुणाचा वाडा कुठे, कुणाची विहीर कुणाला बंद होती.

आणि रिद्धपूर तर आपल्याच तालुक्यात. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी गोविंदप्रभूंच्या लीळा लिहिल्या, त्यात गावच्या गल्ल्या, घरं, खाणंपिणं आहे, आणि अस्पृश्य मानलेल्यांच्या वस्तीत बिनदिक्कत शिरणारे प्रभूही आहेत. सातशे वर्षांपूर्वीचं इतकं बारीक खेडं मराठीत दुसरीकडे फार थोड्या ठिकाणी सापडेल. मास्तरांनी आदल्या दिवशी चार लीळा वर्गात वाचून दाखवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी पोरांनी त्या जागा हिंडून शोधाव्यात. मोर्शीहून सकाळची एसटी पकडली तर डबा तिथेच खाऊन संध्याकाळच्या आत घरी. कोल्हापूरही रद्द करायचं नाही, ते दिवाळीनंतर ठेवा. गृहस्थांच्या नातवाचं नाव दोन्ही सहलींत मी सुचवणार आहे, आणि त्यांची हरकत असेल तर ती त्यांनी लेखी द्यावी.