गाडी उलाळ झाली तर?

मुलांनो, गेल्या पंधरवड्यात आमच्या चौथीतल्या एका पठ्ठ्याने वहीचं नवं कव्हर दाखवायला आणलं. त्यावर पिवळीधमक, रुंद जबड्याची मोटार, आणि खाली नाव : लॅम्बोर्गिनी उरूस. "बाई, ही जीप आहे की शर्यतीची गाडी?" त्याने विचारलं. शेजारच्या बाकावरची मुलगी लगेच म्हणाली, "एवढी उंच गाडी जोरात वळली तर पालथी नाही का होणार?"

मला दोन्ही प्रश्न आवडले; दुसरा जरा जास्तच. तिथल्या तिथे नीट उत्तर देता आलं नाही, हेही कबूल करते. घरी येऊन वाचलं, ते आज तुम्हाला सांगते.

ही गाडी बनते इटलीतल्या सांतागाता बोलोन्येझे या गावी. कंपनी काढणारे फेरुच्चो लॅम्बोर्गिनी हे शेतकऱ्याचे चिरंजीव. त्यांनी आधी ट्रॅक्टर बनवले, आणि वेगवान मोटारींचा कारखाना काढला तो १९६३ साली. पुढे त्यांनी कंपनी विकली. त्यानंतर १९७७ मध्ये कंपनीने अमेरिकी सैन्य डोळ्यांपुढे ठेवून वाळवंटात पळणारी एक गाडी बनवली. तिचं नाव 'चीता'. इंजिन ठेवलं होतं मागच्या बाजूला, आणि तिथेच गणित चुकलं.

का चुकलं, ते तुमच्या आजोबांना विचारा. बैलगाडीत मागे जास्त माल भरला की गाडी 'उलाळ' होते. जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला ओढ बसते. पुढे जास्त भरला तर 'धुरजड', म्हणजे सगळा भार बैलांच्या मानेवर. चीता उलाळ झाली होती! तिला बैल नव्हते, पण पुढची चाकं होती आणि वळायचं काम त्यांचंच. चाक जमिनीवर घट्ट दाबलं गेलं तरच त्याची पकड बसते. पुढचा भाग हलका असेल, तर तुम्ही स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी आपली सरळच जाऊ बघते. १९८१ मध्ये त्यांनी पुन्हा एक गाडी केली. तिचंही इंजिन मागेच! तिसऱ्या खेपेला मात्र इंजिन उचलून पुढे आणलं. तीच गाडी १९८६ मध्ये 'एलएम००२' या नावाने बाजारात आली. बारा सिलिंडरचं इंजिन, वजन सुमारे २७०० किलो आणि पेट्रोलची टाकी २९० लिटरची. (टाकी भरायला किती पैसे लागतील, हा हिशोब पालकांनी मुलांकडून करून घ्यावा.)

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. एक काडेपेटी घ्या. काड्या मात्र आईकडे द्या. पाटीवर पेटी आडवी ठेवा आणि पाटी हळूहळू तिरपी करा. पेटी घसरेल, पण उलटणार नाही. आता तीच उभी ठेवा. पाटी जराशी कलली की धप्प! मग आतल्या कप्प्यात एक नाणं तळाशी चिकटवा आणि पुन्हा उभी करा. आता ती बराच वेळ टिकाव धरते. नाणं वरच्या टोकाला चिकटवलं, तर पहिल्यापेक्षाही लवकर पडते. पेटी तीच, नाणंही तेच, फक्त जागा बदलली. वळणावर गाडीला बाहेरच्या बाजूला जो झोका बसतो, तो पाटी कलण्यासारखाच समजा.

उरूस २०१७ च्या डिसेंबरात जगापुढे आली. तिची उंची सुमारे १६४ सेंटिमीटर आणि रुंदी २०० च्या वर. म्हणजे ती उभ्या काडेपेटीपेक्षा आडवीच्या जवळची. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या जीपगाड्या रुंदीपेक्षा उंच असतात, हे मोजून बघा. शिवाय उरूसला पोलादी स्प्रिंगांऐवजी हवेच्या पिशव्या आहेत. खडकाळ रस्त्यावर पोट जमिनीपासून जवळजवळ २५ सेंटिमीटर वर घेता येतं, आणि वेगात जाताना १६ सेंटिमीटरपर्यंत खाली आणता येतं. तुमच्या कंपासातल्या पट्टीएवढीच जागा उरते.

डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एक दांडा असतो. वळणावर गाडी झुकू लागली की विजेची मोटर त्या दांड्याला उलट पीळ देते आणि गाडी सपाट राहते. पण एक सांगते. त्याने झुकणं कमी होतं, वजन बाहेरच्या चाकांवर जायचं थांबत नाही. नाणं कुठे आहे, ते दांड्याला बदलता येत नाही.

मागची चाकंही थोडी वळतात, फार तर ३ अंश. हळू जाताना ती पुढच्या चाकांच्या उलट दिशेला वळतात, म्हणजे एवढी लांब गाडीही लहानशा जागेत वळते. वेगात असताना ती त्याच दिशेला वळतात, म्हणजे शेपूट भरकटत नाही.

पळण्याचं कौतुक सगळे करतात. साडेसहाशे अश्वशक्ती, ताशी १०० किलोमीटरचा वेग ३.६ सेकंदांत! मला नवल वाटतं ते थांबण्याचं. २२०० किलोची गाडी १०० च्या वेगावरून थांबवायची, म्हणजे तिची सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन बाहेर पडणार. मी हिशोब केला. तेवढ्या उष्णतेने अडीच लिटर गार पाणी उकळीला येईल, आणि हे सगळं तीनेक सेकंदांत! वेग दुप्पट केला तर पाणी पाच लिटर नव्हे, दहा लिटर लागेल. कारण वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. म्हणून पुढच्या ब्रेकच्या तबकड्या ४४ सेंटिमीटर व्यासाच्या, मोठ्या परातीएवढ्या. त्याही लोखंडाच्या नाहीत. कार्बनचे धागे घातलेल्या, भट्टीत भाजलेल्या चिनीमातीसारख्या पदार्थाच्या. तो तापला तरी दगा देत नाही.

२०२४ मध्ये याच गाडीचा पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारा प्रकार आला. ताकद आठशे अश्वशक्ती झाली, पण बॅटरीमुळे वजनही अडीच टनांवर गेलं. म्हणजे ब्रेकचा हिशोब पुन्हा मांडायचा!

हा प्रयोग वर्गात झाला त्या दिवशी शाळा सुटताना फाटकाशी नेहमीची जीप उभी होती. आमची निम्मी मुलं तिनेच घरी जातात. टपावर खताची पोती आणि त्यांच्यावर मुलांची दप्तरं. माझी ती प्रश्न विचारणारी मुलगी पायरीवर पाय ठेवून थबकली. ड्रायव्हरकाकांना म्हणाली, "काका, नाणं वर आहे. पोती खाली घ्या ना."

काका हसले. मी सगळं समजावून सांगितलं, तर म्हणाले, "बाई, काडेपेटी वेगळी आणि जीप वेगळी."

ती माझ्याकडे वळली. "वेगळी कशी, बाई?"

मग मीच पदर खोचला आणि पहिल्या पोत्याला हात घातला. काका पुटपुटत का होईना, पण खाली उतरले. त्या दिवशी चार मुलं दुसऱ्या फेरीने गेली आणि त्यांना घरी पोचायला उशीर झाला. एका मुलाचे वडील दुसऱ्या दिवशी शाळेत आले. त्यांनाही काडेपेटी दाखवली.