समुपदेशक कागदावर, मूल वाऱ्यावर

शंभर वा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी बजावले. शिक्षक व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, असेही न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या पीठाने सांगितले. निकालाचे स्वागत सर्वांनीच केले. स्वागताला पैसे पडत नाहीत!

वाशी आणि जुईनगर यांच्यामधले सानपाडा घ्या. एकीकडे मूळ गावठाण, दुसरीकडे सिडकोची घरे, पलीकडे पाम बीच मार्गालगतचे मनोरे. आई-वडील सकाळी हार्बरची लोकल गाठतात, मुलाची संध्याकाळ शिकवणीवर्गात सरते. शंभर विद्यार्थी म्हणजे जेमतेम दोन-तीन वर्ग. म्हणजे निकालाच्या कक्षेबाहेर राहील अशी शाळा येथे शोधावीच लागेल. पण एवढे समुपदेशक आणायचे कोठून?

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात मनोविकारतज्ज्ञांचा मोठा तुटवडा होता. तेरा ते सतरा वयोगटातील 7.3 टक्के मुलांना मानसिक विकाराने ग्रासले होते. 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी 1,764 महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. पुरोगामी म्हणवून घेणाऱ्या राज्याला हा पहिला क्रमांक शोभतो काय?

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दहा वर्षांत आंतरराष्ट्रीय निकषांइतके मनुष्यबळ उभारण्याचे दायित्व शासनावर टाकले. कायदा अमलात आला 2018 मध्ये. अशी माणसे फर्मान काढून तयार होत नाहीत. त्यासाठी अभ्यासक्रम, जागा आणि पगार लागतो. तो खर्च टाळण्याची सोपी युक्ती म्हणजे दोन दिवसांचे शिबिर घेऊन शिक्षकालाच समुपदेशक ठरविणे. जनगणना, निवडणूक, मतदारयाद्या यांचे ओझे वाहणाऱ्या शिक्षकाच्या शिरावर आता मुलांचे मनही! शिक्षकाने लक्षणे ओळखावीत आणि मुलाला योग्य व्यक्तीकडे धाडावे, एवढीच अपेक्षा न्याय्य आहे. शिवाय गुण देणाऱ्या माणसापाशी मूल मन उघडे करील, हे गृहीत धरणेच भाबडेपणाचे.

आपल्यातीलही काहीजण म्हणतात, 'घरात आजी-आजोबा असते तर हे थेर लागलेच नसते.' कुटुंबाचा आधार अमोल आहे, यात शंका नाही. परंतु ताप चढला की आजीच्या काढ्याबरोबर आपण वैद्यही गाठतोच ना? मग नैराश्याच्या बाबतीतच कुळाची अब्रू का आड यावी?

मार्ग परका नाही. 1962 मध्ये पुण्यात ज्ञानप्रबोधिनी उभारणारे डॉ. अप्पा पेंडसे मानसशास्त्राचेच अभ्यासक होते. सानपाड्याहून रेल्वेने थेट गाठता येणाऱ्या ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. नवी मुंबई महापालिकेने अशा जाणत्यांना बोलावून समुपदेशकांची कायम पदे निर्माण करावीत, त्यांच्यावर अनुभवी तज्ज्ञाची देखरेख ठेवावी. 'टेलिमानस'चा 14416 हा क्रमांक वर्गावर्गांत लावण्यास तर निधीचीही सबब चालणार नाही.

खासगी शाळांचे काय? सहल, गणवेश, स्नेहसंमेलन यांचे शुल्क वसूल करताना त्यांना न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या पालकसभेत सानपाड्याच्या पालकांनी एवढेच विचारावे : आमच्या शाळेचा समुपदेशक कोण, त्याची पात्रता काय आणि तो आठवड्यातून किती दिवस येतो?