जन्मदाखला पुरेसा नाही
मुलांच्या झटापटीच्या खेळांत केवळ जन्मदाखला पाहून गट पाडणे थांबले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. जून २०२५ मध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. हा खेळ शाळांच्या मैदानांवर रुजावा, ही अपेक्षा रास्तच. पण एकाच वर्षी जन्मलेल्या दोन मुलांच्या वयात येण्यात दोन-तीन वर्षांचे अंतर असू शकते. एकाला मिसरूड फुटलेले, दुसरा अजून चणीने बारीक.

कबड्डीने हे काही अंशी ओळखले. किशोर गटात १६ वर्षांच्या अटीबरोबर ५५ किलोची अटही आहे. मात्र ही मर्यादा फक्त वरची. पस्तीस किलोचे पोर पंचावन्न किलोच्या चढाईपटूची पकड करायला उभे राहतेच. तळीये ते उमरठ, रायगड जिल्ह्यातल्या महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत तर सात जणांचा संघ जुळवतानाच शिक्षकांची दमछाक होते. तिथे निवडीला वाव कुठला? असे पोर एक-दोनदा जबर आपटते, धास्तावते आणि मैदानाकडे पाठ फिरवते. उशिरा वाढणारी, पुढे कदाचित सरस ठरणारी मुले आपण अशी ऐन उमेदीत गमावतो. कोणत्याही चषकाने हे नुकसान भरून येणार नाही.

न्यूझीलंडमध्ये अनेक ठिकाणी मुलांच्या रग्बीत वजनगट रूढ आहेत. रायगडच्या क्रीडा विभागाने हंगामापूर्वी प्रत्येक खेळाडूची उंची व वजन नोंदवून सरावाच्या जोड्या त्यानुसार लावण्याचे आदेश काढावेत. वजनात बसवण्यासाठी मुलांना उपाशी ठेवणाऱ्या प्रशिक्षकांची गय करू नये.