परदेशांतील पाहुणे मास्तर

परदेशीं राहून गोरगरिबांस फुकट इंग्रजी शिकवूं पाहणाऱ्या तरुणांचें आम्ही कौतुक करतों. मात्र पंधरा दिवसांच्या पाहुण्या मास्तरांचें नाहीं. पोराची भीड चेपायलाच महिना लागतो, हें आम्हां खेड्यांतल्या मास्तरांस पक्कें ठाऊक आहे.

अमेरिकेच्या पीस कोअरचे पहिले स्वयंसेवक १९६१ सालीं घानांत गेले ते शिक्षक म्हणूनच. या संस्थेंत नेमणूक साधारण दोन वर्षांची असते आणि आधीं सुमारें तीन महिने तयारी. तींत तिकडच्या लोकांची भाषाही शिकावी लागते. हा क्रम आम्हांस पटतो. ज्यास मुलाच्या घरची बोली कळत नाहीं, त्यास पोर कोठें अडलें हें काय कळणार?

आणि त्या गांवच्या मास्तरास बाजूला सारूं नका हो! पाहुणा विमानांत बसल्यावर दुसऱ्या दिवशीं शाळेचें कुलूप त्यालाच उघडावयाचें असतें.