दोष निर्वाताचा नव्हे, रबराचा

१/ १९६८च्या शेव्हरोले कॉर्व्हेटचा एक दिवा वर येतो, दुसरा मिटलेलाच राहतो; वायपरवरचे झाकण अर्ध्यात अडते. लगेच निवाडा होतो: व्हॅक्यूमवर, म्हणजे निर्वाताच्या ओढीवर दिवे उचलणे हे विजेआधीचे मागासलेले तंत्र! हा निवाडा इतिहासाला धरून नाही. १९६३ ते १९६७च्या कॉर्व्हेटचे दिवे विद्युत मोटरनेच फिरत. निर्वात त्यानंतर आला.

२/ इंजिन हवा शोषते. ती ओढ नळ्यांवाटे दिव्यांपर्यंत पोहोचते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ओढ घटते. म्हणूनच साठ्याची टाकी आणि एकदिशा झडप योजलेली आहे. याला खुळेपणा म्हणावे काय?

३/ बिघाड बहुधा वाळून चिरलेल्या रबरी नळीत असतो. एकेक शाखा बंद करून पाहावी. जी बंद करताच बाकीचे सुरळीत चालते, तीच गळकी.

४/ एवढेही न तपासता सारी यंत्रणा उपटून मोटर बसवणे ही दुरुस्ती नव्हे, पुराव्याचा नाश आहे. पन्नास वर्षांत जीर्ण झालेल्या रबराचे खापर रचनाकारांच्या माथी का फोडावे? नळी बदलावी; यंत्रणा राखावी.